सद्गृहस्थांचा लगाम

जुलै २०२१ मध्ये बर्लिन आणि हॅनोव्हर या शहरांना जोडणाऱ्या जर्मन महामार्गावर एका चेक धनिकाने आपली बुगाटी शिरॉन ही मोटार ताशी ४१७ किलोमीटर वेगाने पिटाळली. या पराक्रमाचे चित्रीकरण २०२२ च्या आरंभी जगापुढे आले. वृत्तपत्रांनी टीका केली, जर्मन वाहतूक मंत्रालयाने नापसंती व्यक्त केली, श्टेंडाल येथील सरकारी वकिलांनी चौकशी आरंभली आणि काही महिन्यांतच ती बंदही केली. महामार्गाच्या त्या पट्ट्यावर वेगाची मर्यादाच नव्हती. जेथे मर्यादा नाही तेथे मर्यादाभंगाचा गुन्हा तरी कसा घडणार?

या वेगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ताशी ४१७ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११६ मीटर. समोर काही विपरीत घडते आहे हे डोळ्यांनी टिपून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सामान्य माणसाला एक सेकंद लागतो. तेवढ्या अवकाशात ही मोटार फुटबॉलच्या मैदानाच्या लांबीहून अधिक अंतर कापून गेलेली असते. तिची चाके त्या वेगाला सेकंदाला पन्नासहून अधिक फेरे घेत असतात. रस्ता मात्र सार्वजनिक होता. शर्यतीची धावपट्टी नव्हती. आणि या प्रकरणातील खरा विनोद याहून पुढचा आहे. या मोटारीला कारखान्यानेच वेगनियंत्रक बसवलेला असतो. त्याची मर्यादा आहे ताशी ४२० किलोमीटर. म्हणजे सदर गृहस्थ मर्यादेचे काटेकोर पालनच करीत होते!

मर्यादा ४२० ची असते तेव्हा ती कोणासाठी घातलेली असते, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. याचे उत्तर याच कंपनीच्या आधीच्या मोटारीत सापडते. २०१० मध्ये बुगाटी वेरॉन सुपर स्पोर्ट या मोटारीने ताशी ४३१ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. परंतु ग्राहकांना विकलेल्या मोटारी ४१५ वर अडवण्यात आल्या, कारण त्यापुढे टायरची शाश्वती देता येत नव्हती. २०१३ मध्ये यावरून गिनेस विक्रमपुस्तकाच्या चालकांपुढे पेच उभा राहिला. विक्रम करणाऱ्या मोटारीचा नियंत्रक काढलेला होता, मग तो विक्रम विक्रीच्या मोटारीचा कसा मानावा? त्यांनी तो प्रथम रद्द केला आणि काही दिवसांनी पुन्हा मान्य केला. नियंत्रक काढल्याने मोटारीच्या मूळ रचनेत फरक पडत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. हा निर्वाळा तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे, आणि म्हणूनच तो फार काही सांगून जातो. वेगाची मर्यादा ही इंजिनाच्या मेंदूत लिहिलेली एक ओळ आहे. ती घालणे सोपे, काढणेही सोपे. ती कोठे घालावी हे यंत्रशास्त्र सांगत नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे तो ठरवतो.

वेगवान मोटारीचे स्थैर्य हा विषय अभियंत्यांसाठी खरोखरच कठीण आहे, आणि त्यांच्या बुद्धीचा येथे अनादर नाही. मोटारीच्या वळणदार पाठीवरून हवा वेगाने सरकते तेव्हा वरचा दाब घटतो आणि मोटार किंचित उचलली जाते. वेग दुप्पट झाला की ही उचल चौपट होते. हवेचा अडथळा कापण्यासाठी लागणारी शक्ती तर आठपट होते. मागची चाके हलकी झाली की टायरची रस्त्यावरील पकड सुटू लागते. अशा वेळी चालकाने वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला किंवा घाईने मार्गिका बदलली, तर भार पुढच्या चाकांकडे धावतो आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. पोर्शे कंपनीच्या ९११ या मोटारीचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्यामुळे तिला हा दोष विशेष जाचत असे. १९७२ मध्ये तिच्या कॅरेरा आरएस या प्रकाराला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर जोडण्यात आला तो ही उचल कमी करण्यासाठीच.

परंतु शास्त्र ज्या प्रश्नाचे उत्तर शोधते तो प्रश्न त्याच्यापुढे कोण ठेवतो, हेही पाहिले पाहिजे. ऑडी कंपनीची टीटी ही देखणी, गोलसर पाठीची मोटार १९९८ मध्ये बाजारात आली. वर्षभरातच जर्मन महामार्गांवर अतिवेगात तिचा तोल जाऊन गंभीर अपघात झाले आणि माणसे दगावली. १९९९ च्या अखेरीस कंपनीने उपाय जाहीर केले. मागच्या झाकणावर स्पॉयलर बसवला, चाकांच्या आधारयंत्रणेत बदल केले, घसरणाऱ्या मोटारीला सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्यप्रणाली दिली आणि विकलेल्या मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. हे सारे योग्यच झाले. मात्र या गदारोळात चर्चा झाली ती स्पॉयलरने मोटारीच्या सौंदर्याला बाधा येते की नाही याची, आणि सुधारणा पुरेशी आहे की नाही याची. ज्या वेगाला हा दोष प्रकट होतो त्या वेगाने सार्वजनिक रस्त्यावर मोटार हाकण्याची मुभा असावी काय, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. वेग हे गृहीत धरले गेले; स्थैर्याने त्याच्यामागे धावत जावे, एवढेच उरले.

येथेच स्थैर्य या शब्दाची फसगत ध्यानात घ्यावी लागते. मोटार ताशी २५० किलोमीटर वेगाला स्थिर आहे याचा अर्थ आतील माणसाला ती स्थिर वाटते, एवढाच. बाहेरच्या जगासाठी तिच्या अंगी असलेली विध्वंसक ऊर्जा ताशी १३० किलोमीटर वेगाच्या मानाने जवळजवळ पावणेचार पट असते. ताशी ९० किलोमीटरने चाललेल्या मालट्रकच्या चालकाने आरशात तीनशे मीटर मागे अशी मोटार पाहिली, तर ती त्याच्यापर्यंत सात सेकंदांच्या आत पोचते. तेवढ्यात त्याचे पुढच्या ट्रकला ओलांडून जाणेही पुरे होत नाही. मोटार जितकी अधिक स्थिर, तितकी आतल्याला भीती कमी. आणि त्याची भीती जितकी कमी, तितका बाहेरच्याचा धोका अधिक. स्पॉयलर, रुंद टायर आणि संगणक यांनी धोका नाहीसा केला नाही, तो मालकाच्या अंगावरून उतरवून रस्त्यावरील इतरांच्या अंगावर टाकला. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक, ही भांडवलशाहीची जुनीच रीत रस्त्यावरही अवतरली.

आता त्या प्रसिद्ध २५० या आकड्याकडे वळू. जर्मनीत १९८० च्या दशकात वने करपू लागल्याची चिंता घरोघर पोचली होती. १९८३ मध्ये ग्रीन पक्ष संसदेत आला आणि महामार्गांवर वेगमर्यादा घाला या मागणीला बळ मिळाले. दुसरीकडे मोटारींची ताकद वर्षागणिक वाढत होती. कायदा येण्याची चाहूल लागताच बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ आणि ऑडी या बड्या उत्पादकांनी दशकाच्या अखेरीस आपसांत ठरवून टाकले की मोटारी ताशी २५० किलोमीटरवर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने अडवायच्या. याला नाव मिळाले ‘सद्गृहस्थांचा करार’. पोर्शे कंपनी तर या सद्गृहस्थांच्या पंक्तीलाही बसली नाही. हा करार संसदेने केलेला नाही, तो राजपत्रात छापलेला नाही, त्याच्या भंगाला शिक्षा नाही. लोकांच्या सुरक्षिततेचा विषय लोकप्रतिनिधींच्या हातून काढून घेऊन कारखानदारांच्या बैठकीत नेण्याची ही युक्ती होती. जनतेने वेगमर्यादा मागितली असता तिच्या हाती २५० ठेवून उपकाराची पावती घेण्यात आली.

बरे, हा करार तरी पाळला गेला काय? काही काळाने या सद्गृहस्थांना उमगले की मर्यादा हाही विकण्याजोगा माल आहे. बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ मालिकेतील ग्राहकाने काही हजार युरो अधिक मोजले की त्याला ‘ड्रायव्हर्स पॅकेज’ मिळते. नियंत्रकाची ओळ बदलते आणि मोटार २५० ऐवजी ताशी ३०५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. सोबत धावपट्टीवर एका दिवसाचे प्रशिक्षण. मर्सिडीजच्या एएमजी आणि ऑडीच्या आरएस मोटारींनाही अशाच सवलती उपलब्ध झाल्या. म्हणजे प्रथम सुरक्षिततेच्या नावाने वेग अडवायचा आणि नंतर तोच वेग त्याच ग्राहकाला पुन्हा विकायचा! जे बंधन पैसे भरून सुटते त्याला बंधन म्हणता येत नाही. टोलनाका म्हणावा, तर टोलमधून निदान रस्त्याची डागडुजी तरी होते.

याच जर्मनीत दुसरे वेगनियंत्रकही आहेत, आणि त्यांना कोणी पॅकेज विकत नाही. घरोघर जेवण पोचवणारा कामगार जी विजेवरची सायकल चालवतो तिची मोटर युरोपीय नियमानुसार ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवते. मोपेडची हद्द ४५. युरोपीय समुदायाने १९९२ मध्ये निर्देश काढून जड मालट्रकना ताशी ९० आणि मोठ्या बसगाड्यांना ताशी १०० किलोमीटरचे नियंत्रक सक्तीचे केले, आणि पुढे ती सक्ती हलक्या मालगाड्यांपर्यंत वाढवली. ही बंधने कायद्याची आहेत. यांत्रिक फेरफार करून ती मोडणाऱ्याला दंड होतो. ही उतरंड एकदा नीट न्याहाळावी. सायकलवरच्या मजुराला २५, मालट्रकच्या चालकाला ९०, बसमधून जाणाऱ्या पन्नास सामान्य प्रवाशांना १००. हे सारे राज्यसंस्थेच्या आज्ञेने. मग एकदम २५०, तेही सद्गृहस्थांच्या शब्दावर. त्यावर ३०५ पैशाने. आणि सर्वांत वर ४२०, ज्यांच्यापाशी सुमारे चोवीस लाख युरोंची मोटार घेण्याची ऐपत आहे त्यांच्यासाठी. वर्गविग्रहाचे इतके स्वच्छ कोष्टक अर्थशास्त्राच्या ग्रंथातही विरळाच आढळेल.

मालट्रकवरील बंधन अन्याय्य आहे, असे यातून सुचवायचे नाही. चाळीस टनांच्या वाहनाला लगाम हवाच. त्या लगामामुळे चालकाचेही रक्षण होते, कारण मालकाला वेळेच्या नावाखाली त्याच्याकडून अधिक वेग पिळून काढता येत नाही. मुद्दा इतकाच की जे ट्रकच्या बाबतीत करता आले ते मोटारीच्या बाबतीत अशक्य कसे? तांत्रिक अडचण मुळीच नाही. जपानी उत्पादकांनी आपल्या देशातील मोटारी कित्येक दशके ताशी १८० किलोमीटरवर अडवल्या. निस्सानने २००७ मध्ये आणलेली जीटी-आर ही अतिवेगवान मोटार जपानात याच मर्यादेत धावत असे. उपग्रहाच्या साहाय्याने ती मान्यताप्राप्त शर्यतीच्या मैदानात आहे अशी खात्री पटली की मगच तिचा लगाम सैल करता येई. अर्थात आपण कोठे आहोत हे मोटारीला समजते. वेगाचा षौक ज्यांना आहे त्यांनी तो कुंपणाच्या आत, स्वतःच्या जोखमीवर पुरवावा, आणि बाहेर पडताच इतर नागरिकांसारखे वागावे, ही व्यवस्था यंत्राला केव्हाच साधली आहे. व्होल्व्होने २०२० पासून आपल्या सर्व नव्या मोटारी १८० वर अडवण्याचा निर्णय घेतला, आणि त्यामुळे कंपनी बुडाली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो स्वातंत्र्याचा. १९७३ च्या तेलटंचाईत जर्मन सरकारने महामार्गांवर काही महिन्यांपुरती ताशी १०० किलोमीटरची मर्यादा घातली, तेव्हा तेथील बलाढ्य मोटारचालक संघटनेने ‘स्वतंत्र नागरिकांना मुक्त मार्ग’ अशी घोषणा दिली होती. १९७८ पासून तेथे १३० हा वेग केवळ शिफारस म्हणून लिहिलेला आहे, आणि महामार्गांच्या सुमारे सत्तर टक्के लांबीवर सक्तीची मर्यादा नाही. परंतु रस्ता ही सामाईक मालमत्ता आहे. एकाचा मुक्त मार्ग जर दुसऱ्याला श्वास रोखून उजव्या मार्गिकेत दबून राहायला लावत असेल, तर ते स्वातंत्र्य नसून मक्तेदारी होय. खुद्द त्या संघटनेनेही जानेवारी २०२० मध्ये मर्यादेला असलेला तत्त्वतः विरोध सोडला.

दुसरा आक्षेप असा की जर्मन महामार्गांवर मृत्यूचे प्रमाण गावाकडच्या रस्त्यांहून कमी आहे. हे खरे आहे. पण तेथे चौक नाहीत, पादचारी नाहीत, समोरून येणारी वाहने नाहीत. रस्ता सुरक्षित बांधला म्हणून ते प्रमाण कमी आहे, वेग अमर्याद ठेवला म्हणून नव्हे. तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. अतिवेगासाठी झालेल्या संशोधनातून सामान्यांची मोटारही सुरक्षित होते, असे म्हटले जाते. इलेक्ट्रॉनिक स्थैर्यप्रणाली १९९५ मध्ये मर्सिडीजच्या सर्वांत महागड्या मोटारीत आली, हे बरोबर. पण ती लहान मोटारीत कशी उतरली? १९९७ मध्ये स्वीडनमध्ये एका चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास मोटार अडथळा चुकवताना उलटली, जगभर नाचक्की झाली, तेव्हा कंपनीने ती प्रणाली या लहान मोटारीत सरसकट दिली. आणि सर्वच नव्या मोटारींत ती अनिवार्य झाली ती २०१४ मध्ये, युरोपीय कायद्याने. म्हणजे शोध श्रीमंतांच्या मोटारीतून आपोआप खाली झिरपला नाही. लोकमताने आणि कायद्याने तो खाली आणला.

चौथा आक्षेप कामगारांच्या नावाने घेतला जातो, आणि समाजवाद्यांनी त्याला उत्तर देणे अगत्याचे आहे. अमर्याद महामार्ग ही जर्मन मोटारीची जाहिरात आहे. ती गेली तर निर्यात घटेल, रोजगार जाईल, अशी भीती दाखवली जाते. पण जर्मनीत तयार होणाऱ्या मोटारींचा मोठा वाटा अशा देशांत जातो, जेथे वेगमर्यादा सक्तीची आहे. तेथील ग्राहक ती मोटार ताशी २५० ने हाकत नाही, तरीही विकत घेतो. कामगाराची भाकरी त्याच्या कौशल्यावर अवलंबून आहे, धनिकाच्या लहरीवर नाही. कामगाराच्या खांद्यावर बंदूक ठेवून आपला विशेषाधिकार राखण्याचा हा डाव कामगार चळवळीनेच उधळून लावला पाहिजे.

दुर्दैवाने डाव्या राजकारणाची याबाबतीतील वाटचाल अभिमानास्पद नाही. जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने २००७ च्या हॅम्बुर्ग अधिवेशनात १३० च्या मर्यादेचा ठराव केला. ऑक्टोबर २०१९ मध्ये ग्रीन पक्षाने तोच प्रस्ताव संसदेत आणला, तेव्हा आघाडीच्या शिस्तीखातर याच पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांनी विरोधी मतदान केले. २०२१ मध्ये हे दोन्ही पक्ष मुक्तबाजारवादी फ्री डेमोक्रॅटांसह सत्तेवर आले आणि सर्वसाधारण वेगमर्यादा येणार नाही, असे आघाडीच्या करारातच लिहून देण्यात आले. एका लहान भागीदाराच्या हट्टापुढे दोन पक्षांनी आपला जाहीर ठराव गुंडाळून ठेवला. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून सूचना देणारी यंत्रणा सक्तीची केली खरी. पण चालक तिला न जुमानता पुढे जाऊ शकतो, ती बंदही करू शकतो. ट्रकच्या चालकाला हे बटण कोणी दिले नाही.

हा प्रश्न जर्मनांचा आहे, असे म्हणून भारतीय वाचकाला मोकळे होता येणार नाही. याच कंपन्यांच्या मोटारींची जुळणी चाकणला आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला मराठी कामगारांच्या हातून होत आली आहे. त्यांतल्या बलवान मोटारी येथेही २५० च्याच लगामासह रस्त्यावर येतात. मात्र २०१८ च्या अधिसूचनेनुसार द्रुतगती मार्गावर मोटारीची कमाल मर्यादा १२० आहे. म्हणजे देशातील कोणत्याही रस्त्यावर कायद्याने जे चालणार नाही ते यंत्रात आधीच भरून विकले जाते. भारत सरकारने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहतुकीच्या गाड्यांना वेगनियंत्रक सक्तीचे केले. ट्रकला ८०, टँकर, डंपर आणि शाळेच्या बसला ६०. खाजगी मोटारी त्यातून वगळल्या गेल्या. त्यांच्यासाठी २०१९ पासून काय आले? ८० च्या पुढे गेल्यावर अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारी घंटी. खेपेवर पोट भरणाऱ्याच्या इंजिनालाच लगाम, आणि मोटारमालकाच्या कानाशी नम्र विनंती!

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शेने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार अल्पवयीन मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे, आणि त्याचा निवाडा न्यायालय करील. परंतु जामिनासाठी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला जो संताप आला तो निव्वळ एका आदेशाविरुद्ध नव्हता. श्रीमंताच्या वेगाला समाजाकडे केवळ सौम्य सूचना असते आणि गरिबाच्या वेगाला कुलूप असते, ही गोष्ट लोकांना अनुभवाने ठाऊक होती.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक खाजगी मोटारीला, तिची किंमत कितीही असो, त्या देशातील सर्वोच्च कायदेशीर वेगाशी निगडित असा वेगनियंत्रक कायद्यानेच बसवावा. तो पैसे भरून सैल करता येऊ नये, आणि ज्या कंपनीने तो सैल करण्याची सोय विकली तिच्यावर ट्रकमालकाइतकीच कठोर कारवाई व्हावी. शर्यतीची मैदाने खुली राहोत. स्थैर्याचे शास्त्र तेथे हवे तितके बहरो. जर्मनीने १३० चा कायदा करावा आणि भारताने १२० चा नियम यंत्रात उतरवावा. चाळीस वर्षांपूर्वी काही कारखानदारांनी संसदेला बगल देऊन आपसांत ठरवलेला आकडा आजही जगभरच्या रस्त्यांवर प्रमाण मानला जातो, ही लोकशाहीची नामुष्की आहे. रस्ता सर्वांचा असेल, तर त्यावरचा वेग ठरवण्याचा अधिकारही सर्वांचा आहे, आणि तो सद्गृहस्थांच्या बैठकीतून परत मिळवण्याचे काम लोकांनाच करावे लागेल.